टाळू उघडा असलेलं दत्तक बाळ घरी येताना : पहिल्या तीन महिन्यांची तयारी

ओवी
नेमके प्रश्न आहेत, नेमकी उत्तरं हवीत. मुलगी, १३ महिने. डाव्या बाजूचा दुभंगलेला ओठ पाचव्या महिन्यात शिवलाय, तोंडातला टाळू अजून उघडा. वजन ६.८ किलो, हिमोग्लोबिन ८.९. संस्था परराज्यातली, दहा दिवसांनी आणायला जायचं आहे. तिथे बाटलीने दूध आणि पातळ पेज, एवढाच आहार.

१. संस्थेतून काय काय मागून घ्यायचं?
२. घरी आल्यावर काय आणि कसं भरवायचं?
३. टाळूची शस्त्रक्रिया लगेच करायची की ती रुळल्यावर?

अभिनंदन, धीर, शुभेच्छा सगळं पोचलं असं समजते. आकडे द्या.

फाईलवाली
पहिल्या प्रश्नापुरतं लिहिते.

मेडिकल एक्झामिनेशन रिपोर्ट आणि चाइल्ड स्टडी रिपोर्ट तुमच्याकडे असतीलच, पण त्यात सगळं नसतं. ओठाच्या शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड वेगळं मागा. सोबत भूल दिल्याची नोंद मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण पुढच्या भूलतज्ज्ञाला नळी घालताना अडचण आली होती का हे त्यातून कळतं. लसीकरणाचं मूळ कार्ड घ्या, झेरॉक्स नको. आतापर्यंतच्या सगळ्या वजनांच्या नोंदी घ्या. नुसतं शेवटचं वजन उपयोगाचं नाही, आलेख वर जातोय की अडकलाय ते पाहायचं असतं. एचआयव्हीची तपासणी कोणती केली तेही विचारा. १८ महिन्यांपर्यंत साध्या अँटिबॉडी चाचणीत आईच्या अँटिबॉडी दिसू शकतात, म्हणून या वयात पीसीआरचा (विषाणूच थेट शोधणाऱ्या चाचणीचा) रिपोर्ट बघायचा. ओठ शिवण्याआधीचा फोटो असेल तर जरूर घ्या. सर्जनला लागतो, आणि मोठी झाल्यावर तिलाही लागेल. नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र तो जाता कामा नये.

आता कागदावर कधीच न येणाऱ्या गोष्टी, ज्या फक्त तिथल्या ताईंना माहीत असतात. दूध कोणतं, किती पाण्यात किती चमचे? कोमट की गार? बाटलीचं बूच कुठलं, भोक वाढवलेलं आहे का? झोपते पाळण्यात की खाली, दिवा चालू की बंद, शेजारी दुसरी मुलं असतात का? कोणतं तेल, कोणता साबण? तिची वापरातली चादर किंवा झबलं न धुता मागून घ्या आणि घरी पंधरा दिवस धुऊ नका. वास हीच तिची एकमेव ओळखीची वस्तू असते.

मूल परराज्यातलं आहे म्हणून एक खास काम. ताईंच्या आवाजात दहा-पंधरा शब्द फोनवर रेकॉर्ड करा: ये, खा, पाणी, झोप, झालं, नको, उचलू का, आणि निजवताना जे गुणगुणतात ते. तेरा महिन्यांचं मूल बोलत नसलं तरी यातले बरेच शब्द त्याला कळत असतात. आपल्या मराठीबरोबर ते शब्दही पहिले काही आठवडे वापरायचे.

संमतीपत्राचंही आधीच बघून ठेवा. प्री-अडॉप्शन फॉस्टर केअरमध्ये मूल घरी आलेलं असतं, पण दत्तकाचा आदेश हातात नसतो. मधल्या काळात भरती करावं लागलं तर रुग्णालय 'पालक कोण' यावर अडतं. संस्थेच्या लेटरहेडवर उपचारांना संमती देणारं पत्र घेऊन पिशवीत ठेवा. नंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो, त्यात वजन-उंची विचारतात. वही नीट असली की तो पाच मिनिटांचा विषय.

खिमटभात
दुसरा प्रश्न माझ्याकडे. जरा लांबेल.

टाळू उघडा असला की तोंड आणि नाक एकच पोकळी होते. ओढण्यासाठी लागणारी हवेची पोकळी तोंडात तयारच होत नाही. मूल चोखतं, गाल हलतात, दमतं, पण दूध येत नाही. बघणाऱ्याला वाटतं अर्धा तास प्यायलं. बाटली बघावी तर ३० मिली गेलेलं.

म्हणून दूध मुलाने ओढायचं नाही, आपण द्यायचं. मऊ प्लास्टिकची दाबता येणारी बाटली घ्या, किंवा एकेरी झडपेची खास क्लेफ्टची बाटली. साध्या बुचाला तापवलेल्या सुईने मोठं भोक पाडायची पद्धत सर्रास आहे आणि तीच सगळ्यात जास्त ठसके लावते, कारण त्यातून दूध सतत गळतं. मूल श्वास घेत असतानाही. त्यापेक्षा अधिक चिन्हासारखी चीर असलेलं बूच बरं. दाब पडला तरच उघडतं, सोडलं की मिटतं. झडपेची बाटली असेल तर भरल्यावर बुचातली हवा आधी दाबून काढा, नाहीतर पहिली पाच मिनिटं मूल हवाच पितं.

मांडीवर घ्या ते जवळजवळ बसवून, पाठ ६० अंशांत. आडवं मुळीच नाही. बुचाचं टोक टाळू शाबूत असलेल्या बाजूला, म्हणजे हिच्या बाबतीत उजव्या गालाकडे. तिने दोन-तीनदा चोखलं की एकदा हलकं दाबायचं, गिळलं की थांबायचं. चोखणं-गिळणं-श्वास ही लय तिची, आपण मागे मागे जायचं. भुवया उंचावल्या, बोटं ताठ झाली, ओठांच्या कडेने दूध ओघळलं, म्हणजे आपण घाई करतोय. नाकातून दूध आलं तर घाबरायचं नाही: पुढे वाकवा, पुसा, शिंकू द्या, परत सुरू करा. ठसका लागून ओठ निळसर झाले तर मात्र लगेच थांबायचं, आणि असं पुन्हा झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

एका वेळी २० ते २५ मिनिटं, फार तर ३०. त्यापुढे जेवढं पोटात जातं तेवढंच दमण्यात खर्च होतं. मध्ये दोन-तीनदा ढेकर काढा, ही मुलं हवा खूप गिळतात. शेवटी दोन चमचे उकळून गार केलेलं पाणी पाजा, फटीत साय राहत नाही.

घन आहाराचं गणित. १३ महिन्यांच्या मुलीचं ६.८ किलो वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात उणे दोन आणि उणे तीनच्या रेषांमध्ये पडतं, म्हणजे कमीच आहे. किलोमागे ११० कॅलरी धरल्या तर रोज साधारण ७५०. गाईचं ५०० मिली दूध म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास. उरलेल्या सव्वाचारशे चार खाण्यांत बसवायच्या: दर वेळी अर्धी वाटी खिमट आणि त्यात एक छोटा चमचा तूप (५ मिली, सुमारे ४० कॅलरी). दूध ५०० च्या वर नेऊ नका. दुधाने पोट भरतं, लोह मिळत नाही, हिमोग्लोबिन आहे तिथेच बसतं.

पण पहिल्या दिवशी हे करायचं नाही. पहिला आठवडा संस्थेत जे होतं तेच, त्याच वेळांना. दुसऱ्या आठवड्यात पेज घट्ट करा, तूप घाला. मग मूगडाळ-तांदळाचं खिमट, नाचणीची खीर, गुरगुट्या भात. तीन दिवसांत एकच बदल. दाटपणा असा हवा, की चमचा कलता केला तर ओघळ न येता एकदम गोळा पडावा. अगदी पातळ असलं तर नाकातून येतं. चिकट असेल, म्हणजे केळं, पेढा, पोळीचा भिजवलेला गोळा, तर फटीत जाऊन बसतं. बसलं तर पाणी पाजा. बोट किंवा कानकाडी घालून काढायला जाऊ नका.

चमचा लहान आणि चपटा घ्या. जिभेच्या पुढच्या भागावर ठेवून थांबा, वरचा ओठ तिने स्वतः मिटू दे. वरच्या हिरडीवर चमचा निपटून काढायची सवय घरोघरी असते. शिवलेल्या ओठाला ते टोचतं आणि मूल चमचा बघूनच तोंड फिरवायला लागतं.

संस्थेतून आलेली काही मुलं वाटी संपली की हंबरडा फोडतात, किंवा घास गालात धरून ठेवतात. वाटी झटकन उचलू नका. रिकामी वाटी आणि चमचा तिच्या हातात राहू द्या.

दोरखंड
बाटली पहिल्याच दिवशी बंद केलेली बरी. टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर बरेच सर्जन बूच तोंडात घालू देत नाहीत. तेव्हा एकदम तोडण्यापेक्षा आताच बोंडलं किंवा पेला.

खिमटभात
@दोरखंड, शस्त्रक्रियेचा मुद्दा बरोबर, वेळ चुकली. ज्या मुलाची माणसं, भाषा, छत, वास सगळं एका दिवसात बदललंय, त्याची बाटलीही त्याच दिवशी काढायची? मांडीवर घेऊन, डोळ्यात बघत, दिवसातून पाच वेळा दूध पाजणं यातूनच ते मूल 'हे माझं माणूस' हे शिकणार आहे.

शस्त्रक्रियेच्या सहा आठवडे आधी सुरू करा. आधी फक्त दुपारचं दूध बोंडल्याने किंवा काठाच्या छोट्या वाटीने, दर आठवड्याला एक वेळ वाढवायची, रात्रीची बाटली सगळ्यात शेवटी. मांडी तीच, माणूस तेच, बदललं फक्त भांडं. चोचीचा पेला नको; चोच टाळूच्या टाक्यांवर टेकते.

दोरखंड
सहा आठवड्यांचं पटलं.

शेंगोळी
आजी-आजोबांनी भरवलं तर चालेल का? घरात यावरून ठिणगी पडतेच.

फाईलवाली
पहिले सहा-आठ आठवडे भरवणं, निजवणं, रडताना उचलणं, आंघोळ, ही चार कामं फक्त आईबाबांची. संस्थेत पाळी बदलली की माणूस बदलतं, त्यामुळे यातली काही मुलं समोर येईल त्याच्या कडेवर जातात. पाहुणे म्हणतात, 'किती माणसाळलेलं बाळ! रडतसुद्धा नाही.' ते कौतुक नव्हे, खूण आहे. रडून उपयोग होत नाही हे ते शिकलंय, आता उपयोग होतो हे शिकायचंय. पडलं, लागलं आणि ते तुम्हाला शोधत आलं, की गाडी रुळावर येतेय समजा.

आजींना काम द्या, खरं काम. खिमट शिजवणं, गाळणं, वजनाची वही. आजी शेजारी बसून बोलू दे, चमचा तुमच्या हातात. बारसं, पूजा, हळदीकुंकू दोन-तीन महिने पुढे.

ग्रहणाचा विषय कोणी ना कोणी काढणारच. ओठ आणि टाळू गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत जुळायचे असतात, त्या वेळी जुळले नाहीत. जन्मदात्या बाईने ग्रहणात काय चिरलं याचा त्याच्याशी संबंध नाही. एकदा शांतपणे सांगा, दुसऱ्यांदा विषय बदला.

आणि हो, 'टाळूचं ऑपरेशन' म्हटलं की निम्मं घर मुलीच्या डोक्यावर हात ठेवतं. 'तोंडातला टाळू' असं सांगायचं.

डबलगूळ
तिसरा प्रश्न. टाळू साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान शिवतात, कारण बोलणं रुजायच्या आत तोंड-नाकातली भिंत उभी राहायला हवी. मूल १३ महिन्यांचं, म्हणजे हातात पाच महिने. त्यातले तीन रुळण्याला आणि हिमोग्लोबिनला दिले तरी सोळाव्या महिन्यात शस्त्रक्रिया होते. लगेच विरुद्ध नंतर असा वाद हिच्या बाबतीत नाहीच. वाद २० महिन्यांचं मूल आलं तर होतो, आणि तेव्हा मी सर्जनच्या बाजूने झुकेन. सर्जनची वेळ मात्र पहिल्या पंधरवड्यातच घ्या, चांगल्या केंद्रांवर यादी असते. त्याच भेटीत हृदयाचा इको काढायचा का, हे विचारा. टाळूसोबत कधी कधी इतर दोष असतात.

८.९ हिमोग्लोबिनवर भूल टाळतात, १० च्या वर हवं. लोहाचा डोस किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम, म्हणजे हिला सुमारे २० मिलिग्रॅम. बाटलीवर 'एलिमेंटल आयर्न', म्हणजे प्रत्यक्ष लोह, हा आकडा वाचा. क्षाराचा आकडा वेगळा आणि बराच मोठा असतो, तिथेच गफलत होते. डोस बालरोगतज्ज्ञांकडून पक्का करून घ्या. दुधाच्या किमान तासभर आधी द्यायचं, दुधात कालवून कधीच नाही. थेंब गालाच्या आत मागे सोडा म्हणजे दात काळे पडत नाहीत. शी काळी होते, ते ठीक. चार आठवड्यांनी तपासा: निदान १ ने वाढायला हवं. वाढलं नाही तर डोस वाढवत बसू नका. दिलं जातंय का ते बघा, आणि थॅलेसेमियासाठी एचपीएलसी केली नसेल तर करून घ्या.

ठरलेली तारीख सगळ्यात जास्त वेळा हुकते ती सर्दीने. नाक वाहत असेल, छातीत घरघर असेल, तर भूलतज्ज्ञ दोन ते चार आठवडे पुढे ढकलतात. शस्त्रक्रियेआधीचे तीन आठवडे लग्न, बाग, गर्दी बंद.

उपाशी ठेवण्याचं आधीच बोला. वरचं दूध आणि खाणं सहा तास आधी बंद, पण पाणी, साखरपाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालतं. भुकेची भीती बसलेल्या मुलाला हे उपाशीपण इतरांपेक्षा जड जातं. म्हणून सकाळची पहिली पाळी मागा, आणि भूल चढेपर्यंत व शुद्धीवर येताना आई किंवा बाबा जवळ असू देतील का, हे तारीख घेतानाच विचारा. दारात विचारलं तर उत्तर 'नाही' असतं.

वाळवण
पैशांचं. मूल घरी आल्यावर कुटुंबाच्या आरोग्यविम्यात (फ्लोटर पॉलिसीत) नाव आपोआप चढत नाही, लेखी कळवावं लागतं. अनेक पॉलिसींत बाहेरून दिसणारा जन्मजात दोष वगळलेला असतो आणि ओठ-टाळू त्यात ढकलतात. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बऱ्याचदा हे कलम सैल असतं, आधी ते तपासा. नाहीतर 'स्माइल ट्रेन' या संस्थेच्या भागीदार रुग्णालयांत ओठ-टाळूची शस्त्रक्रिया मोफत होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही दुभंगलेला ओठ-टाळू येतो. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा.

अनुनासिक
सगळे टाळूवर बोलताहेत, कानावर कोणीच नाही.

कान आणि घसा जोडणारी नळी उघडणारे स्नायू टाळूतच असतात. टाळू फाटलेला तर नळी नीट उघडत नाही, आणि जवळजवळ प्रत्येक अशा मुलाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठतं. दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कळत नाही. मूल पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकतं. त्यामुळे आल्यापासून महिन्याभरात टिंपॅनोमेट्री (पडदा नीट हलतो का ते बघणं) आणि बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी चाचणी). बेरा झोपेत करतात. दुपारची झोप तोडून, भूक ठेवून न्या आणि तिथे दूध पाजून निजवा, म्हणजे झोपेचं औषध टळू शकतं. पाणी असेल तर टाळूच्याच भुलेत कानाच्या पडद्यात ग्रोमेट, म्हणजे बारीक नळ्या, बसवता येतात. एका भुलेत दोन्ही, हे सर्जन आणि कानाच्या डॉक्टरांना आपण एकत्र बोलवून ठरवावं लागतं.

मूल बोलत नाही याची हिच्यात तीन कारणं एकमेकांवर चढलेली असतात: कान, टाळू, आणि एकेकट्याशी कोणी फारसं न बोलणं. वर भाषा बदललेली. तिसऱ्यावर आजपासून काम करता येतं. शस्त्रक्रियेआधी म, न, ल, य, व हे आवाज खेळा: 'माऊ', 'ये ये', 'नाना', 'वाऽ'. यांना तोंडात हवा कोंडावी लागत नाही. प, ब, ट, त, क यांना लागते. ते आत्ता मागितले तर मूल घशात अडखळा घेऊन आवाज काढायला शिकतं, आणि ती सवय टाळू शिवल्यावरही सुटत नाही. तिने 'पप्पा'ला 'मम्मा' म्हटलं तर छान म्हणा, दुरुस्त करू नका.

फुगे फुगवणं, पिपाणी, मेणबत्ती विझवणं याने टाळू बळकट होतो असं अजूनही सांगतात. खेळ म्हणून चालेल, पण बोलण्याला उपयोग नाही. फुंकताना आणि बोलताना टाळू वेगळ्या रीतीने काम करतो.

शस्त्रक्रियेनंतर चार-सहा महिन्यांनी, ती प म्हणू लागली की घरी एक बघता येतं. स्टीलची गार, कोरडी ताटली नाकपुड्यांखाली धरा, 'पापापा' म्हणू दे. ताटलीवर वाफेचा ठिपका उमटला तर हवा नाकातून निसटतेय. 'मामामा'ला ठिपका येणारच, तो मोजायचा नाही. हे निदान नव्हे, स्पीच थेरपिस्टला सांगायला एक निरीक्षण.

शेंगोळी
शिवल्यावरही गेंगाणं बोलली तर?

अनुनासिक
काही मुलांत टाळू शिवला तरी आखूड पडतो. तिथे व्यायामाने फरक पडत नाही, पुन्हा छोटी शस्त्रक्रिया लागते. चुकीच्या जागेवरून आवाज काढायची सवय मात्र थेरपीनेच जाते. दोन्हीतला फरक तीन-चार वर्षांच्या वयात नीट कळतो.

डबलगूळ
शस्त्रक्रियेनंतरचंही लिहून ठेवतो.

पहिली रात्र भरतीतच. कुशीवर निजवायचं, घोरणं वाढतं, लाळेत गुलाबी झाक असते, ते चालतं. ताजं लाल रक्त येत राहिलं, किंवा मूल सारखं गिळत राहिलं आणि पांढरं पडलं, तर लगेच हाक मारा. दोन-तीन आठवडे सगळं गाळलेलं, कोमट, बोंडल्याने किंवा वाटीने. चमचा दातांच्या आत नाही, बिस्किट-टोस्ट नाही, स्ट्रॉ नाही. प्रत्येक खाण्यानंतर पाणी. खरा शत्रू म्हणजे तिच्या हातात सापडलेला चमचा किंवा पेन. तो टाळूत घुसला की टाके उसवतात.

हात तोंडात जाऊ नये म्हणून काही सर्जन कोपराला पट्ट्या देतात, काही देत नाहीत. देणार असतील तर आठवडाभर आधीपासून घरी रोज पाच मिनिटं, खेळताना, बाहुलीलाही एक जोडी बांधून. एका वेळी एकच हात मोकळा करा. बोटं गार-निळी होत नाहीत ना, दर दोन-तीन तासांनी बघा.

तापाच्या औषधात गोंधळ होतो. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. वजन ८ किलो झालं असेल तर १२० मिलिग्रॅम: ५ मिलीत १२० असलेल्या सिरपचे ५ मिली, ५ मिलीत २५० असलेल्याचे २.४ मिली, आणि १ मिलीत १०० असलेल्या थेंबांचे १.२ मिली. तिन्ही बाटल्या दिसायला सारख्याच असतात. घरात एकच ठेवा.

तीन आठवड्यांनंतरही दूध नाकातून येत असेल तर कुठला पदार्थ, किती वेळा, कुठल्या नाकपुडीतून हे लिहून न्या. कडक आणि मऊ टाळूच्या सांध्यावर कधी बारीक भोक राहतं.

ओवी
संस्थेत फोन केला. दूध पावडरचं प्रमाण ६० मिलीला एक चमचा. डब्यावर ३० ला एक लिहिलंय. कारण विचारलं तर ताई म्हणाल्या, घट्ट दूध बुचातून येत नाही.

खिमटभात
म्हणजे आतापर्यंत अर्ध्या ताकदीचं दूध. वजनाचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं. बूच बदललं की घट्ट दूधही येईल.

पहिला आठवडा सगळं तेच म्हटलं होतं, त्याला दुधाची ताकद हा अपवाद: दोन दिवस ४५ ला एक, तिसऱ्या दिवसापासून ३० ला एक. एका वेळची मात्रा सुरुवातीला कमी करा: १८० पीत असेल तर १०० ते १२०, आणि मधल्या वेळात पाणी. शी घट्ट होईल, दोन-तीन दिवस कमी वेळा होईल. पाणीदार जुलाब झाले तर मात्र एक पायरी मागे, आणि डॉक्टर. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, कपड्यांशिवाय. या वयात आठवड्याला ५०-६० ग्रॅम ही साधी वाढ. हिने दुप्पट तरी दाखवायला हवी.

आणि डब्यातलाच चमचा वापरा. संस्थेचा चमचा कुठल्या डब्यातला आहे तेही उद्या विचारा.